खाटेखालचं चाक

प्रिय भावजी,

वहिनीचे आशीर्वाद घ्यावेत. (वयाने मी तुमच्याहून दोन वर्षांनी लहान, पण नात्याने मोठी पडले. त्यामुळे गेली सव्वीस वर्षं आशीर्वाद द्यायचं काम माझ्या गळ्यात आहे. ते लागू पडतात की नाही, हे तुम्ही आजवर कधी कळवलं नाहीत.) तुमचा गुडघा कसा आहे? धाकट्या जाऊबाईंचा खोकला गेला, की अजून मुक्काम ठोकून आहे? शाळेत परीक्षा चालू असतील, म्हणजे तुम्ही सध्या लाल पेन घेऊन पोरांच्या गणितातल्या चुका वेचत बसला असाल. या पत्रातल्याही वेचा, माझी हरकत नाही. फक्त आधी शेवटपर्यंत वाचा, मग पेनाचं टोपण काढा.

पत्रास कारण, रविवारचा तुमचा फोन. तुम्ही बोलत होतात तेव्हा मागे धाडकन आवाज झाला आणि एक बाई किंचाळली. तुम्ही विचारलंत, काय झालं? तुमचे दादा म्हणाले, "काही नाही," आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर तुम्ही दोनदा लावलात. तो उचलला गेला नाही, कारण माझे दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात होते. किंचाळणारी बाई मी नव्हे. त्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई. (कपडे शिवतात आणि शेजाऱ्यांना उसवतात. पण मनाने चांगल्या आहेत, आणि वजनाने तर फारच चांगल्या, हे पुढे येईलच.)

हे फोनवर सांगता येण्यासारखं नाही. आमच्या दोन खोल्यांत फोन घेऊन कुठल्याही कोपऱ्यात गेलं तरी यांच्या खाटेपासून आठ पावलांच्या पुढे जाता येत नाही. म्हणून दवाखान्यात, माझ्या केसपेपरच्या खिडकीत बसून, जेवणाच्या सुटीत लिहिते आहे. कागदही तिथलाच. वर 'तक्रार' आणि 'कधीपासून' असे दोन रकाने छापलेले आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. दिलंत तरी चालेल.

तर, यांची नोकरी सुटून आता सात महिने झाले. वीजमीटरवाल्यांची नोकरी सुटते कशी, असं लोक मला अजून विचारतात. नवे मीटर आपले आकडे आपणच कचेरीत कळवतात, दारोदार जाऊन वाचायला माणूस लागत नाही, हे मी दरवेळी समजावून सांगते. मीटर बोलायला लागले आणि हे बोलायचे थांबले, एवढीच हकिकत. तीस वर्षं मोटरसायकलवरून रोज शंभरेक दारं. कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला न भुंकता पोटरी धरतो, कुठली म्हातारी आत बोलावून पाणी देते, कुणाचा मीटर जिन्याखालच्या जळमटांत आहे, हे सगळं यांच्या डोक्यात होतं, आणि एका मंगळवारी सकाळी त्याचा कुणाला काही उपयोग उरला नाही. निरोपाला तुम्ही आला होतात. यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "दादा, आता आराम कर." भावजी, तुमच्या दादांनी तुमचं काही ऐकलेलं मला या सव्वीस वर्षांत आठवत नाही. हे मात्र त्यांनी ऐकलं.

पहिला महिना खुर्चीत गेला. दुसऱ्यापासून खाटेवर. दाढी आठवड्यातून एकदा, तीही मी आरसा समोर धरला तर. जेवायला हाक मारली की उठतात, ताटातलं इकडचं तिकडे करतात आणि परत जाऊन पडतात. मी दिवसभर खिडकीतून दीडशे माणसांना 'काय होतंय' आणि 'कधीपासून' विचारते आणि लिहून घेते. घरी येऊन एकालाच विचारते, आणि तो माणूस भिंतीकडे तोंड करतो. आमच्या डॉक्टरीणबाईंना एकदा घरी आणलं. त्यांनी गोळ्या दिल्या, म्हणाल्या, धीर धरा, वेळ लागेल, आणि त्यांना काहीतरी आवडीचं करायला लावा. आवडीचं काय, हे शोधायला मला दोन महिने लागले, कारण ते दाराबाहेरच उभं होतं.

मोटरसायकल बोळात, यांच्या खिडकीखाली. सात महिने एका जागी. दोन्ही टायर बसले, बाजूंनी भेगा पडल्या. तुम्हाला माहीतच आहे, या गाडीचे टायर आजवर कधी दुकानात बदलले गेले नाहीत. हे स्वतः बोळात बसून बदलायचे, आणि ते चालू असताना आमच्यापैकी कुणी जवळून गेलं तर अंगावर खेकसायचे. पान्याला दुसऱ्याचा हात लागलेला यांना खपायचा नाही. तेव्हा मी मनाशी असं ठरवलं (हुशारी माझी, दोष कुणाला देत नाही), की आपणच टायर बदलायला घ्यावेत आणि ते इतके वाईट बदलावेत, की या माणसाला खाटेवर पडून राहणं असह्य व्हावं. पंक्चरवाला म्हणाला होता, ताई, चाक काढून आणा, दहा मिनिटांत देतो. मी म्हटलं, आणते. आणायचं नव्हतंच मला.

वाईट काम करायलाही थोडं यावं लागतं, हे मला रविवारी सकाळी नऊला कळलं. यांची हत्यारांची पेटी कुलपात आणि किल्ली यांच्या उशाखाली. मागायची नाही, असा माझा पण. आमच्या दवाखान्याच्या गाडीच्या ड्रायव्हरने दोन पाने दिले आणि केसपेपरच्या पाठीमागे मागच्या चाकाचं चित्र काढून कुठला नट आधी, कुठला नंतर, ते आकडे घालून दिले. त्याप्रमाणे मोठा नट ढिला करायला गेले, तर तो जागचा हलेना. पान्यावर पाय ठेवला, मग पानाच हलला आणि मी बोळात बसले. दुसऱ्या खेपेला नट निघाला. मग ब्रेकची दांडी, मग साखळी, मग तो लांब दांडा जो चाकाच्या आरपार जातो. निघालेला प्रत्येक नट आणि वायसर मी क्रमाने एका ओळीत मांडत होते. तेवढ्यात वरच्या बाई काय गडबड आहे ते बघायला खाली आल्या आणि त्यांच्या पदराने ती ओळ झाडून नेली. त्यांनी मनापासून माफी मागितली आणि सगळे नट वेचून एका वाटीत, मुठीने भरले. (त्यातलं एक वायसर अजून माझ्याकडे आहे. ते कुठलं, हे ड्रायव्हरच्या चित्रात नाही.) मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "अहो, हे वायसर कुठलं हो?" खिडकीतून नुसतं कूस बदलल्याचं ऐकू आलं.

चाक निघालं, पण टायर रिमला सोडेना. सात महिन्यांत तो तिथे जो चिकटला होता, तो लग्नाच्या गाठीसारखा. मी ट्यूबची हवा सोडली, पिन काढली, कडेला साबणाचं पाणी ओतलं आणि टायरवर उभी राहिले. मग वरच्या बाई उभ्या राहिल्या. मग दोघी एकमेकींचे खांदे धरून उभ्या राहिलो आणि उड्या मारल्या. बाई म्हणाल्या, याला वरून काहीतरी बारीक आणि जड दाबायला हवं. बारीक आणि जड असं आमच्या घरात काय आहे, असा विचार करता करता मला आमची लोखंडी खाट दिसली. तिचे पाय म्हणजे सरळ नळ्याच आहेत, आणि जड म्हणाल तर हे तिच्यावर होतेच.

तुम्ही हसाल, पण मला तेव्हा ते अगदी रास्त वाटलं. चाक आत आणलं. मी म्हटलं, अहो, जरा खाट उचलते हं. त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. मी आणि बाईंनी उशाकडचा कोपरा धरला, चांगली ताकद लावायची म्हणून श्वास घेतला, आणि खाट एका झटक्यात वर आली. भावजी, मी ज्या माणसाच्या भरवशावर टायर सोडवायला निघाले होते, त्या माणसात वजनच उरलेलं नव्हतं. मी रोज त्यांना बघते, मला ते दिसलं नव्हतं. हातांना कळलं.

बाईंच्या समोर काय बोलणार? पायाने चाक आत सरकवलं, खाटेचा पाय नेमका टायरच्या कडेवर, रिमला लागून टेकवला, आणि यांचं वजन पुरेना म्हणून मी त्या कोपऱ्यावर बसले. बाई माझ्या शेजारी बसल्या. खाट तिरकी, यांचं डोकं उंच आणि पाय खाली, उशाशी आम्ही दोघी बायका. आणि हे तसेच पडून. दुसरा कुणी असता तर उठून दोघींना घराबाहेर काढलं असतं. मी त्याचीच वाट बघत होते. एवढ्यात तुमचा फोन आला, यांनी पडल्यापडल्या उचलला, 'हो, जेवलो' म्हणाले, आणि त्याच क्षणी कड सुटली. धाडकन खाट खाली गेली आणि बाई किंचाळल्या. पुढचं 'काही नाही' तुम्ही ऐकलंत.

फोन ठेवल्यावर यांनी डोळे उघडले. मला म्हणाले, "ट्यूबची हवा काढलीस का?"

मी म्हटलं, काढली.

"दुसऱ्या बाजूचीही कड सोडवावी लागते," म्हणाले आणि डोळे मिटले.

अकरा दिवसांत 'हूं' आणि 'नको' सोडून निघालेली ही पहिली दोन वाक्यं. (फोनवर तुम्हाला सांगतात ती वाक्यं मी धरत नाही. ती पाठ केलेली आहेत.) मी इतकी हरखले, की दुसरी कड सोडवताना खाट बाईंनी एकटीनेच उचलली तरी मला भान नव्हतं. डाव जमतोय असं वाटलं. बाईंना वर पाठवलं आणि बोळात जाऊन आदल्या दिवशी आणून ठेवलेला नवा टायर घेतला.

टायर चढवायला माझ्याकडे होता एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक उलथनं. उलथन्याचा दांडा पहिल्या पाच मिनिटांत वाकला. (रविवारपासून माझं सगळं परतणं कोनात चालू आहे.) तासभर एक बाजू आत घालावी तर दुसरी बाहेर यावी असं चाललं होतं. शेवटी स्क्रू-ड्रायव्हर टायरच्या पोटात खुपसून, दात-ओठ खाऊन ओढला आणि टायर बसला. आणि तो मी जाणूनबुजून उलटा बसवला. नव्या टायरवर बाण असतो, चाक कुठल्या दिशेने फिरायचं ते दाखवणारा. बाण चुकला तर हे जेवण सोडून उठायचे, हे मी बघितलेलं होतं. हवा भरली नाही. चाक भिंतीला टेकवलं, बाणाची बाजू यांच्या वाटेवर येईल अशी, आणि मोठ्याने म्हटलं, "बसला बाई एकदाचा!"

चार वाजता हे मोरीत जायला उठले. बोळातूनच जावं लागतं. चाकापाशी थांबले, बाण बघितला. मी बघितलं त्यांनी बघितलेलं. आणि चाकाला वळसा घालून पुढे गेले. परत येतानाही तसेच निघाले होते, पण माझ्यासमोर आल्यावर थांबले.

"कुठे जायचंय तुला या गाडीवर?"

"कुठेच नाही."

"मग कशाला हे सगळं?"

"तुम्हाला कुठे जावंसं वाटलं, तर गाडी असावी म्हणून."

"मला कुठे जायचं असणार आता?" असं म्हणाले. रागाने नाही. रागाने म्हणाले असते तर मी त्या दिवशी पेढे वाटले असते. अगदी साधेपणाने, माहिती विचारावी तसं विचारलं.

भावजी, माझ्या खिडकीत एका प्रश्नाचं उत्तर आलं की पुढचा प्रश्न छापलेलाच असतो. इथे पुढे काही छापलेलं नव्हतं. मी साबणाच्या बादलीशी बसले होते ती तिथेच रडायला लागले. साबण डोळ्यांत गेल्याचं निमित्त होतं, पण ते फार वेळ पुरलं नाही. हे उभे राहिले. मग म्हणाले, "बाण उलटा आहे," आणि आत गेले.

संपलं, असं मला वाटलं. तर आतून कुलूप काढल्याचा आवाज आला. पेटी घेऊन बाहेर आले, स्टुलावर बसले, चाक मांडीवर ओढलं. पेटीतून टायर काढायच्या त्या तीन लोखंडी पट्ट्या काढल्या, गोल टोकांच्या, तुमच्या वडिलांच्या वेळच्या. एक लावली, दुसरी लावली, तिसरी फिरवत नेली, आणि माझ्या तासाभराचं काम दोन मिनिटांत उतरलं. टायर फिरवून बाण सुलटा केला, ट्यूब आत बसवली, कड गुडघ्याने दाबत दाबत परत चढवली. मध्येच "साबण" म्हणून हात पुढे केला, तेव्हा मला वाटलं, हा माणूस परत आला.

मग हवा भरायला घेतली. पंप मारला, दहा, वीस, तीस. टायर फुगेना. यांनी कान लावला, ओला हात फिरवला. स्स्स, असा बारीक आवाज मलाही ऐकू आला.

"ट्यूब चिमटली," हे म्हणाले. "माझ्या हातून."

मी म्हटलं, असू दे हो, होतं असं कुणाच्याही हातून. त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले. "तीस वर्षांत कधी चिमटली नाही," म्हणाले. "म्हणजे हेही गेलं." मग एकेक हत्यार फडक्याने पुसलं, जागच्या जागी ठेवलं, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या मांडीवर टाकली. "ठेव तुझ्याकडे. मला लागायची नाही आता."

तेव्हापासून सोमवारचं एक वाक्य सोडलं, तर काही नाही. आज चौथा दिवस. ताट तसंच परत येतं. काल कामावर निघताना मी सांगितलं, दार लावून घ्या, तर संध्याकाळी येईपर्यंत दार सताड उघडं आणि हे आत पडलेले. माणूस उभा करायला गेले आणि होता तोही आडवा केला. सोमवारी पंक्चरवाल्याकडे चाक नेलं, त्याने दहा मिनिटांत दुसरी ट्यूब घालून दिली. चाक बसवलं, त्या उरलेल्या वायसराशिवाय गाडी खिडकीखाली उभी आहे. तर आवाजाची हकिकत ही अशी. जाऊबाईंना आठवण सांगा, गुडघ्याला जपा, आणि जिने कमी चढा. घंटा झाली, खिडकीबाहेर रांग लागली आहे, पहिला माणूस दात धरून उभा आहे.

तुमची,
वहिनी

ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिली, की लिहायचं धाडस झालं नाही, तुम्हीच ठरवा. पंक्चरवाल्याने जुनी ट्यूब फुगवून पाण्यात धरली आणि हसला. म्हणाला, ताई, हे स्क्रू-ड्रायव्हरने कुणी भोसकलं? मी म्हटलं, लोखंडी पट्टीने चिमटली ना? तो म्हणाला, छे, पट्टीने चिमटली की दोन भोकं पडतात जवळ जवळ, साप चावल्यासारखी. हे एकच आहे, सरळ, सुरी मारल्यासारखं. भावजी, ते भोक माझं. यांनी चाक हातात घेण्याआधीच ट्यूब गेलेली होती. मी हवा भरून बघितली नव्हती, त्यामुळे कळलं नाही. यांच्या हातून काहीही चुकलेलं नाही. हे मी सोमवारीच यांना सांगितलं, ट्यूब दाखवली. न बघता म्हणाले, "माझं मन राखायला सांगतेस." मी आयुष्यभर यांचं मन राखत आले ते असं अंगाशी आलं. ट्यूबचा तो तुकडा कापून सोबत घातला आहे. बोटाने चाचपून बघा.

दुसरा ता. क. माझ्यावर हे विश्वास ठेवणार नाहीत, पण तुमच्यावर ठेवतील. तुम्ही यांना जन्मात कधी शाबासकी दिलेली नाही, तेव्हा तुम्ही मन राखताय अशी शंका त्यांना येणार नाही. म्हणून तुम्ही या. बसने नको, तुमच्या मोटरसायकलवर. ट्यूबबद्दल अवाक्षर काढू नका, तुकडा दाखवू नका, तो तुमच्या खात्रीसाठी आहे. फक्त म्हणा, दादा, माझा टायर गेलाय, दुकानदार लबाड आहेत, तू बघ. त्यांनी नाही म्हटलं तर स्वतः बोळात बसून उघडायला घ्या, आणि चुकवा. काय चुकवायचं ते मला विचारा, मला सगळं येतं आता. पेटीची किल्ली मी चहाच्या डब्यात ठेवली आहे. तुमच्या गाडीचे टायर नवे असले, तर गावात शिरता शिरता एखादा चांगला खिळा बघा आणि त्यावरून गाडी घ्या.

तिसरा ता. क. तुमचा पत्ता घरच्या वहीत होता, म्हणून पाकीट घरी आणावं लागलं. हे म्हणाले, कुणाला लिहितेस? मी म्हटलं, भावजींना. भिंतीकडे बघतच म्हणाले, "लिही त्याला, सगळं ठीक आहे म्हणावं." त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं आहे. तुम्ही शनिवारी सकाळीच निघा.